कानाला रुमाल बांधणारी शेजारीण: ‘लॅटिना आई’ म्हणजे नेमकी कोण?

माझी मावसबहीण टेक्सासात राहते. तिच्या पहिल्या बाळंतपणात मावशीच्या व्हिसाचं काम वेळेत झालं नाही आणि नवऱ्याची रजा दहा दिवसांत संपली. अकराव्या दिवशी शेजारच्या मेक्सिकन आजीबाई कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं घेऊन दारात हजर. इंग्रजी जेमतेम. आत येऊन त्यांनी आधी पंखा बंद केला. मग स्वतःचा रुमाल बहिणीच्या डोक्याला, कान पूर्ण झाकतील असा, घट्ट बांधला. आणि हाताची चार बोटं दाखवून त्यापुढे अंगठा-तर्जनीचं शून्य केलं. चाळीस. चाळीस दिवस उठायचं नाही.

“आपलीच आजी कुणीतरी स्पॅनिशमध्ये डब करून पाठवलीय असं वाटलं गं,” बहीण फोनवर म्हणाली.

तेव्हापासून या आजीबाईंच्या जगाबद्दल मी मिळेल ते वाचत आले. दर वर्षी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर अमेरिकेत ‘हिस्पॅनिक वारसा महिना’ साजरा होतो, निवडणुका आल्या की ‘लॅटिनो मतां’ची चर्चा होते, स्थलांतरितांवरच्या कारवाईच्या बातम्यांत मुलं कडेवर घेतलेल्या बायका दिसतात. शब्द कानावर पडतात, पण ही बाई कोण, ती घरात काय करते, ‘वारसा’ म्हणजे नेमकं काय सांभाळते, हे बातमीत येत नाही.

आधी ‘मद्रासी’ आठवा

एकेकाळी मुंबईत दक्षिणेकडून आलेला प्रत्येक माणूस सरसकट ‘मद्रासी’ असायचा. तो तमिळ आहे, मल्याळी आहे की मंगळूरकडचा तुळू बोलणारा, याच्याशी कुणाला देणंघेणं नसे. गंमत म्हणजे तो स्वतःच्या गावी स्वतःला कधीच मद्रासी म्हणत नसे. ‘लॅटिना’चं बरंचसं तसंच आहे. ग्वातेमालाच्या डोंगरातली बाई आपल्या गावात ‘माया’ या मूळनिवासी समाजाची असते, घरात किचे भाषा बोलते. अमेरिकेत उतरून फॉर्म भरला की ती लॅटिना होते.

व्याख्या सोपी आहे. मेक्सिकोपासून खाली चिले-अर्जेंटिनापर्यंतचा आणि कॅरिबियन समुद्रातल्या क्युबा, डोमिनिकन रिपब्लिक, प्वेर्तो रिको वगैरे बेटांचा, म्हणजे मुख्यतः स्पेन-पोर्तुगालने राज्य केलेला प्रदेश म्हणजे लॅटिन अमेरिका. तिथलं मूळ असलेला पुरुष लॅटिनो, बाई लॅटिना. ‘हिस्पॅनिक’ हा शब्द स्पॅनिश भाषेच्या नात्यावरून आला. म्हणून ब्राझीलची बाई लॅटिना असते पण हिस्पॅनिक नसते, कारण ती पोर्तुगीज बोलते. माद्रिदच्या बाईचं बरोबर उलट. आणि हे वंशाचं नाव नाही. लॅटिना गोरी असते, काळी असते, मूळनिवासी असते. पेरू-ब्राझीलमध्ये ती जपानी वंशाचीही असते.

ही मोट सरकारी कागदांनी बांधली. 1976 मध्ये अमेरिकी काँग्रेसने अशा लोकांची वेगळी आकडेवारी ठेवण्याचा कायदा केला आणि 1980 च्या जनगणनेत हा प्रश्न घरोघरी विचारला गेला. वारसा महिनाही तसाच वाढत गेला: 1968 मध्ये आठवडा होता, 1988 मध्ये महिना झाला. तो महिन्याच्या मध्यावर का सुरू होतो याचं कोडं मला बरेच दिवस होतं. 15 सप्टेंबर हा ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन. दुसऱ्या दिवशी मेक्सिकोचा, 18 ला चिलेचा. 2020 च्या जनगणनेत हे लोक 6 कोटी 21 लाख भरले, म्हणजे अमेरिकेतला जवळजवळ दर पाचवा माणूस. त्यातले निम्म्याहून जास्त मेक्सिकन मुळाचे, म्हणून पुढची बरीच उदाहरणं त्या घरांतली आहेत.

‘लॅटिनक्स’ हा लिंगनिरपेक्ष शब्दही दिसतो. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी पाहणी-संस्थेच्या 2023 च्या पाहणीत तो स्वतःसाठी वापरणारे फक्त 4 टक्के निघाले. तो तेवढ्यावरच सोडू.

सव्वा महिना, स्पॅनिशमधला

आजीबाईंनी बोटांनी दाखवलेल्या चाळीस दिवसांना ‘क्वारेंतेना’ म्हणतात. करोनात आपण शिकलेलं ‘क्वारंटाइन’ याच चाळिसातून आलेलं आहे. व्हेनिसच्या बंदरात रोगाच्या भीतीने जहाजं चाळीस दिवस बाहेर थांबवत, तेव्हापासूनचं. बाळंतिणीची क्वारेंतेना मात्र कोंडून घालण्याची नाही, जपण्याची.

नियम वाचले तर नाव बदलून कुठल्याही सातारी आजीच्या तोंडी घालता येतील. गार पाण्यात हात घालायचा नाही. वारं लागू द्यायचं नाही, विशेषतः डोक्याला आणि कानाला. पहिले काही दिवस केस धुवायचे नाहीत. जड उचलायचं नाही. पोटाला ‘फाहा’ म्हणजे घट्ट पट्टा बांधायचा. आपल्याकडे जुन्या सुती लुगड्याने पोट बांधतात तसा. खायला कोंबडीचा रस्सा आणि ‘आतोले’, म्हणजे मक्याच्या पिठाची गोडसर, दालचिनी घातलेली कोमट पेज. मेक्सिको-ग्वातेमालाच्या मूळनिवासी गावांत सुईण बाळंतिणीला ‘तेमास्काल’मध्ये नेते. ही दगडमातीची बुटकी वाफेची खोली. आपली शेक-शेगडी आठवते.

यामागचा विचारही ओळखीचा आहे. शरीरात उष्ण आणि थंड यांचा तोल असतो. बाळंतपणात रक्त गेलं म्हणजे ऊब गेली. अशा वेळी शिरलेली थंडी म्हातारपणी सांध्यांतून बाहेर पडते. आपण त्याला ‘वात शिरला’ म्हणतो. ही कल्पना स्पॅनिश लोकांनी ग्रीक-अरबी वैद्यकातून नेली की तिथल्या मूळ लोकांची स्वतःची होती, यावर अभ्यासक अजून भांडतात.

पण माझ्या मते क्वारेंतेना हे मुळात औषध नाहीच, ती माणसं कामाला लावायची व्यवस्था आहे. चाळीस दिवस गार पाण्यात हात घालायचा नाही, याचा सरळ अर्थ भांडी दुसऱ्या कुणीतरी घासायची. जड उचलायचं नाही, म्हणजे मोठ्या मुलाला दुसऱ्या कुणीतरी कडेवर घ्यायचं. ‘बाळंतिणीला विश्रांती द्या’ असं नुसतं सांगितलं तर सासू ऐकेलच असं नाही. ‘थंडी शिरेल’ म्हटलं की ऐकते.

आता ही व्यवस्था अमेरिकेत नेऊन ठेवा. तिथे संघराज्याच्या पातळीवर पगारी बाळंतपणाची रजा नाही. 1993 चा कायदा 12 आठवडे देतो, पण बिनपगारी, आणि 50 हून कमी माणसांच्या मालकाकडे काम करणाऱ्यांना तोही लागू होत नाही. (भारतात 2017 पासून 26 आठवडे पगारी रजा आहे, अर्थात संघटित क्षेत्रात. शेतमजूर बाईला दोन्हीकडे सारखंच काही नाही.) हॉटेलच्या खोल्या झाडणाऱ्या किंवा शेतात स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या बाईने चाळीस दिवस घरी बसायचं तर पगार कोण देणार? आई मेक्सिकोत, बहीण दोन शिफ्टमध्ये. म्हणून तिथली क्वारेंतेना तुकड्यातुकड्यांनी जमवावी लागते: आठवडाभर मावशी, चार दिवस नणंद, रविवारी चर्चमधल्या बायका. आणि मधल्या मंगळवारी रस्श्याचं पातेलं घेऊन येणारी शेजारीण.

गरीब आया, तरी धडधाकट बाळं?

इथे एक कोडं येतं. गरिबी जास्त, विमा कमी, डॉक्टरकडच्या खेपा कमी, म्हणजे बाळं कमी वजनाची जन्मणार असा अंदाज कुणीही बांधेल. मेक्सिकोतून नुकत्याच आलेल्या आयांच्या बाबतीत तो चुकला. त्यांच्या बाळांचं वजन गोऱ्या अमेरिकी आयांच्या बाळांच्या जवळपास निघालं. 1986 मध्ये किरियाकोस मार्किडेस आणि त्यांच्या सहकाऱ्याने अमेरिकेच्या नैर्ऋत्येतल्या हिस्पॅनिक लोकांच्या आरोग्याबद्दल हा मुद्दा मांडला. तेव्हापासून याला ‘हिस्पॅनिक विरोधाभास’ म्हणतात.

खरी चुटपुट पुढच्या भागात आहे. मुलगी अमेरिकेतच जन्मली-वाढली, इंग्रजी शिकली, तिची कमाईही थोडी वाढली, तरी तिच्या बाळंतपणात हा फायदा घटलेला दिसतो.

कारण काय, यावर एकमत नाही. नव्याने आलेल्या बायका सिगारेट-दारू कमी घेतात. माणसं भोवती असतात. आणि मुळात जी धट्टीकट्टी असते तीच सीमा ओलांडायची हिंमत करते. तिन्ही कारणं थोडीथोडी खरी असावीत. त्यामुळे ‘आजीच्या रश्श्याने बाळं सुदृढ होतात’ असं कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलं तर लगेच पुढे ढकलू नका.

म्हणजे जुनं ते सगळं सोनं?

अजिबात नाही. पोट गच्च झालेल्या मुलांना काही मेक्सिकन घरांत ‘आसार्कोन’ आणि ‘ग्रेता’ नावाच्या पुड्या देत. पहिली नारिंगी, दुसरी पिवळी, आणि दोन्ही म्हणजे जवळजवळ निव्वळ शिसं. मुलांना विषबाधा झाल्यावर अमेरिकी आरोग्य खात्याला इशारे द्यावे लागले. आपल्याकडच्या काही काजळांतही शिसं सापडलेलं आहे, आणि तान्ह्याला मध चाटवायची आपली हौस डॉक्टरांना अजून घाम फोडते. निरुपद्रवी रिवाज निराळे. बाळाचं कौतुक केलं तर त्याला हात लावायचा, नाहीतर ‘माल दे ओहो’ म्हणजे दृष्ट लागते, असं मेक्सिकन आया मानतात. माझी बहीण सुरुवातीला दुकानात अनोळखी बायका बाळाच्या पायाला हात लावतात म्हणून वैतागायची. त्या दृष्ट लागू नये म्हणून हात लावतात हे कळल्यावर तिचा राग गेला. तिच्या पर्समध्ये तेव्हा मीठ-मोहरीची पुडी होतीच.

‘सह-आई’ नावाचं नातं

बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला धर्मपिता आणि धर्ममाता, ‘पाद्रिनो’ आणि ‘माद्रिना’, मिळतात. गोव्यातल्या किंवा वसईतल्या ख्रिस्ती वाचकांना हे समजावून सांगायला नको. लॅटिन अमेरिकेत मात्र या नात्याचं वजन मुलापेक्षा आईबापांकडे झुकलेलं आहे. मुलाची धर्ममाता ही त्याच्या आईची ‘कोमाद्रे’ होते. शब्दशः ‘सह-आई’. दोघी मैत्रिणींना एका विधीने नातेवाईक करून टाकायचं. मग पैशांची नड, मुलं सांभाळणं, नवऱ्याशी भांडण झालं की रात्री दार वाजवायची जागा, हे सगळं त्या नात्यात हक्काने येतं.

मराठीत ‘सख्खी’ आणि ‘मानलेली’ असे दोन कप्पे आहेत. कोमाद्रे या दोहोंच्या मध्ये बसते: मानलेलीच, पण देवळात साक्षीदारांसमोर नोंदलेली. परक्या देशात ही सोय केवढी मोठी! सख्खी बहीण सीमेपलीकडे अडकली असेल तर सह-आई तरी चार रस्ते सोडून राहते.

आडनावातही आई टिकून असते. कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या नावातलं गार्सिया वडिलांचं, मार्केस आईचं. म्हणजे आपण ‘मार्केझ, मार्केझ’ म्हणतो तेव्हा खरं तर त्यांच्या आईकडचं आडनाव घेत असतो. बाई लग्नानंतरही सहसा आपली दोन्ही आडनावं ठेवते. महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लावायचं ठरवलं, तेव्हा आपल्याकडे केवढी चर्चा झाली होती. अमेरिकेत गेल्यावर गंमत उलटी होते: तिथल्या फॉर्मवर आडनावाचा रकाना एकच, त्यामुळे आईचं आडनाव पहिल्या पिढीतच गळतं. काही आया मध्ये आडवी रेघ देऊन दोन्ही नावं त्या एका रकान्यात कोंबतात.

पाटा-वरवंटा आणि पाण्यावर तरंगणारं पीठ

‘वारसा’ हा शब्द ऐकला की रंगीत घागरे आणि नाच डोळ्यांसमोर येतात. माझ्या मते तो परातीत बघावा.

मेक्सिकन स्वयंपाकाचा पाया मका. पण आपण मका दळून भाकरी करतो तसं तिथे करत नाहीत. दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजवतात, चोळून साल काढतात आणि मग वाटतात. चुन्यात शिजवलेल्या या मक्याला ‘निश्तमाल’ म्हणतात. चुन्यामुळे पीठ चिकटतं, आणि मक्यात अडकून राहिलेलं एक जीवनसत्त्व, नायसिन, शरीराला मिळण्याजोगं होतं. युरोपने मका उचलला, चुन्याची युक्ती उचलली नाही, आणि मक्यावर जगणाऱ्या गरिबांत नायसिन न मिळाल्याने होणारा पेलाग्रा नावाचा रोग पसरला. म्हणजे निम्मं ज्ञान बायकांच्या हातात होतं, आणि ते जहाजावर चढलंच नाही. वाटायचा दगड ‘मेताते’ म्हणजे तीन पायांचा पाटाच. वरवंट्याला ते ‘हात’ म्हणतात.

(मक्याचं आणि आपलं एक जुनं नातं सांगायलाच हवं. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे 1920 च्या दशकात मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले आणि मक्याच्या वाणांवर काम केलं. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने आपल्या एका भित्तिचित्रात त्यांना रंगवलं आहे.)

नाताळात ‘तमाले’ होतात. वाटलेल्या मक्याचं पीठ, म्हणजे ‘मासा’, चरबी घालून फेटायचं, भिजवलेल्या कणसाच्या पानावर थापायचं, आत मांस किंवा मिरची-चीज भरून पान मिटायचं आणि वाफवायचं. हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचं तिखट भावंड समजा. एका बैठकीला शे-दोनशे सहज होतात, एकटीचं काम नव्हे. त्या बैठकीला ‘तमालादा’ म्हणतात. कुणी थापतं, कुणी भरतं, कुणी मिटतं. आणि तोंडं चालूच. कुणाचा नवरा पितो, कुणाची मुलगी कुणाबरोबर दिसली, कोणत्या वकिलाने कागदपत्रांत फसवलं. फराळाला किंवा उन्हाळ्यात कुरडयांना चार घरच्या बायका जमल्या की जे होतं तेच.

मासा झाला की नाही हे कसं ओळखायचं? पाण्याने भरलेल्या ग्लासात सुपारीएवढा गोळा टाकायचा. बुडाला तर अजून फेटा. तरंगला तर हवा पुरेशी शिरली. दहीवड्यासाठी उडदाची डाळ फेटताना आपण हेच करतो, त्याच ग्लासात, तशाच डोळ्यांनी बघत.

आपल्या उपवासाच्या ताटाकडेही एकदा पाहा. बटाटा अँडीज पर्वतातला. साबुदाणा ज्या कसाव्यापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणाही तिथलाच. रताळं आणि मिरची तिकडचीच. आणि राजगिरा मेक्सिकोच्या बाजूचा. लाह्या करून पाकात थापलेल्या राजगिऱ्याच्या वडीला मेक्सिकोत ‘आलेग्रिया’ म्हणतात, म्हणजे ‘आनंद’. एकादशीला पोर्तुगीज जहाजांचे आभार मानायला हरकत नाही. दसऱ्याच्या झेंडूचंही तेच: तो मूळचा मेक्सिकोचा, तिथे त्याला ‘सेम्पासूचिल’ म्हणतात, आणि 1-2 नोव्हेंबरला मृतांच्या सणात घराघरांत मांडलेल्या ‘ओफ्रेंदा’वर, म्हणजे मृतांसाठीच्या नैवेद्याच्या मांडणीवर, त्याच्या राशी असतात. पहिला दिवस गेलेल्या मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. पितरांना आवडीचं जेवण वाढायचं ही कल्पना आपल्याला परकी नाही. फक्त तिथे दुखवट्याऐवजी गाणीबजावणी असते.

पंधरावं लागलं

मुलगी पंधरा वर्षांची झाली की ‘किन्सेआन्येरा’. आधी चर्चमध्ये प्रार्थना, मग हॉलमध्ये लग्नासारखा थाट. फुगीर झगा, डोक्यावर मुकुट, सोबत्यांबरोबर वॉल्ट्झ नाच. वडील सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसून तिच्या सपाट चपला काढतात आणि उंच टाचांच्या चढवतात. तिला शेवटची बाहुली दिली जाते. आपल्याकडे न्हाण आल्यावर मुलीला मखरात बसवायचे, त्याची आठवण येते, पण फरक मोठा आहे: न्हाण मुलीच्या शरीरावर आणि तिच्या सासरवर बेतलेलं होतं, किन्सेआन्येरा कॅलेंडरवर.

‘एवढा खर्च? कर्ज काढून?’ हा आक्षेप तिथेही घेतला जातो, आणि तो खोटा नाही. पण बिल एकटा बाप भरत नाही. केकचे पाद्रिनो वेगळे, झग्याची माद्रिना वेगळी, बँडचे वेगळे. आपल्याकडे लग्नात मामा एक वस्तू उचलतो, आत्या दुसरी, तसं. पैशाबरोबर पंधरा-वीस मोठी माणसं त्या मुलीची जबाबदारीही जाहीरपणे घेतात. 2017 च्या जुलैत ऑस्टिनमध्ये पंधरा मुली याच फुगीर झग्यांत टेक्सासच्या विधिमंडळाच्या पायऱ्यांवर नाचल्या, स्थलांतरितांविरुद्धच्या एका नव्या कायद्याचा निषेध म्हणून. निषेधासाठी इतका देखणा गणवेश मी दुसरा पाहिलेला नाही.

पण हे सगळं ‘प्राचीन’ आहे का?

किन्सेआन्येराचं मूळ ॲझ्टेकांपर्यंत, म्हणजे स्पॅनिश येण्याआधी मेक्सिकोत राज्य करणाऱ्या लोकांपर्यंत, नेण्याची पद्धत आहे. मात्र झगा, मुकुट आणि वॉल्ट्झ सरळसरळ युरोपी दरबारातले आहेत. मेक्सिको सिटीतली मृतांच्या सणाची भव्य मिरवणूक तर 2016 मध्ये सुरू झाली, कारण आदल्या वर्षीच्या एका जेम्स बॉन्ड चित्रपटात ती दाखवली होती आणि पर्यटक ती शोधत येणार हे उघड होतं. सण जुना, मिरवणूक पोरसवदा.

मातृदिनाची कथा जास्त बोलकी आहे. मेक्सिकोत तो दर वर्षी 10 मे रोजीच येतो, वार कोणताही असो. ‘एक्सेल्सियोर’ या दैनिकाचे संचालक राफाएल आल्दुसिन यांनी 1922 मध्ये त्याचं आवाहन केलं. वर्ष लक्षात घ्या. युकातान प्रांतात 1916 पासून बायकांच्या परिषदा भरत होत्या, आणि 1922 मध्येच तिथे संततिनियमनाची पत्रकं वाटली जात होती. त्या वाऱ्याला उत्तर म्हणून ‘आईचा गौरव’ पुढे आला. मेक्सिको सिटीत 10 मे 1949 रोजी मातेचं भव्य स्मारक उभं राहिलं. त्यावर कोरलेलं वाक्य: ‘आपल्याला ओळखण्याआधीच जिने आपल्यावर प्रेम केलं, तिला.’ 1991 मध्ये स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी तिथे आणखी एक फलक लावला: ‘कारण तिचं मातृत्व स्वेच्छेचं होतं.’ 2017 च्या भूकंपात पुतळा कोसळला, तो नंतर पुन्हा उभारला.

आईचा गौरव म्हणजे आईवर ओझंच ना?

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. मेक्सिकोत घरोघरी पुजल्या जाणाऱ्या ग्वादालुपेच्या मेरीसारखी (येशूची आई) सोशिक, त्यागी, घरापुरती आई हाच आदर्श, अशी अपेक्षा लॅटिन समाजात आहे. तिला अभ्यासक ‘मारियानिस्मो’ म्हणतात. दोनशे तमालेंच्या बैठकीत पुरुष बहुधा शेवटी, खायला येतात, हेही लपवण्यात अर्थ नाही.

आणि आईपणाचा गौरव करणाऱ्या समाजांतच ते हिसकावलंही गेलं. प्वेर्तो रिकोत 1965 च्या पाहणीत 20 ते 49 वयाच्या दर तीन आयांपैकी सुमारे एकीची नसबंदी झालेली आढळली. तिथे तिला नुसतं ‘ला ओपेरासियोन’, ‘ते ऑपरेशन’, म्हणत. लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन मुळाच्या दहा बायकांनी, प्रसूतीच्या कळा चालू असताना इंग्रजी कागदांवर सह्या घेऊन आमची नसबंदी केली, अशी दाद मागितली. 1978 मध्ये त्या खटला हरल्या. पण त्या लढ्यानंतर संमतीचे कागद स्पॅनिशमध्येही येऊ लागले.

पण हाच सोशिक आईचा साचा बायकांनी सत्तेवर उलटवलाही. अर्जेंटिनात लष्करी राजवटीने तरुण मुलं गायब केली, तेव्हा 30 एप्रिल 1977 रोजी चौदा आया ब्वेनोस आयरेसच्या प्लासा दे मायो चौकात जमल्या. जमाव करायला बंदी होती, म्हणून त्या जोडीजोडीने फिरू लागल्या. डोक्याला पांढरे रुमाल. सुरुवातीला ते मुलांचे कापडी लंगोटच होते. त्यांच्यातल्या आसुसेना व्हियाफ्लोर यांनाच त्या डिसेंबरात गायब करण्यात आलं. फेरी तरी थांबली नाही. दर गुरुवारी चालू राहिली. त्यांच्यातल्या आज्यांनी तुरुंगात जन्मून परक्या घरांत वाढवलेल्या नातवंडांचा शोध घेतला आणि आजीच्या रक्तावरून नातू ओळखायची आनुवंशिक चाचणी शास्त्रज्ञांकडून करून घेतली. आजवर 130 हून जास्त नातवंडं सापडली. मेक्सिकोत बेपत्ता माणसांची सरकारी नोंद 1 लाखाच्या वर गेली आहे, आणि 10 मे रोजी, जेव्हा हॉटेलं आयांनी भरलेली असतात, तेव्हा काही आया मुलांचे फोटो गळ्यात अडकवून रस्त्यावर चालत असतात.

मुलांना स्पॅनिशच येत नसेल तर?

अमेरिकेतल्या मराठी आयांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. रविवारच्या मराठी शाळेत मुलाला ओढून नेणाऱ्या आईचा चेहरा बघा. प्यूच्या 2023 च्या अहवालात अमेरिकेतल्या 24 टक्के लॅटिनो प्रौढांनी सांगितलं, की आपल्याला स्पॅनिशमध्ये गप्पा जेमतेम येतात किंवा येतच नाहीत. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना इतर लॅटिनोंनीच त्यावरून टोचून बोललेलं होतं. त्यांना चिडवायला ‘नो साबो’ म्हणतात. ‘मला माहीत नाही’ला स्पॅनिशमध्ये ‘नो से’ हवं. मूल नियमाने जाऊन ‘नो साबो’ म्हणतं. आपली पोरं ‘मी केलं’ऐवजी ‘मी करलं’ म्हणतात तसं.

पण भाषा आळसाने गेली असं समजू नका. टेक्सासमधल्या मार्फा गावात ब्लॅकवेल नावाची मेक्सिकन मुलांची शाळा होती. तिथे 1954 मध्ये मुलांकडून ‘मी स्पॅनिश बोलणार नाही’ अशा चिठ्ठ्या लिहून घेतल्या, त्या एका खोक्यात घातल्या आणि झेंड्याच्या खांबाजवळ पुरल्या. भाषेचं दफन, अक्षरशः. तसल्या शाळांतून मार खाऊन निघालेल्या मुली पुढे आया झाल्या, तेव्हा त्यांनी ठरवलं की आपल्या मुलाला हे नको. त्यांनी इंग्रजीतच अंगाई गायली. आज त्यांची नातवंडं आजीला विचारतात, तू आम्हाला शिकवलं का नाहीस? आजी काय सांगणार.

माझ्या बहिणीच्या शेजारच्या आजीबाईंचा नातू अकरा वर्षांचा आहे. स्पॅनिश समजतं, बोलत नाही. गेल्या नाताळात तमालादाला माझी बहीणही होती, मासा फेटायला. आजीने ग्लास त्याच्यापुढे सरकवला. त्याने चिमूटभर गोळा टाकला, वाकून, नाक काचेला टेकवून बघत राहिला.

“फ्लोता?” आजीने विचारलं. तरंगतंय का?

“नॉट येट,” तो म्हणाला.

आजीने परात बहिणीकडे परत ढकलली. अजून फेट.